परदेशात राहून भारतातील पोलीस दाखला मिळवताना

कॅनडाच्या कायम निवासासाठी, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘पीआर’साठी, अर्ज करणाऱ्याला गेल्या 10 वर्षांत तो ज्या ज्या देशात सलग 6 महिने किंवा त्याहून अधिक काळ राहिला असेल, त्या प्रत्येक देशातील पोलिसांचा दाखला जोडावा लागतो. वयाची 18 वर्षे पूर्ण होण्यापूर्वीचा काळ यातून वगळलेला आहे आणि खुद्द कॅनडातील वास्तव्याचा दाखला सहसा मागितला जात नाही. भारतातून येऊन इथे काही वर्षे नोकरी केलेल्या आमच्यासारख्या जोडप्याला भारताचा दाखला त्यामुळे चुकत नाही. त्यात आणखी एक अट अशी की, जो देश आपण सोडून आलो त्या देशाचा दाखला तिथले शेवटचे दीर्घ वास्तव्य संपल्यानंतरच्या तारखेचा हवा. विमानात बसण्यापूर्वी दूरदृष्टीने काढून ठेवलेला दाखला या नियमात बसत नाही; तो परदेशात राहूनच, किंवा सुट्टीवर घरी गेल्यावर, काढायचा असतो. ज्या देशात आपण आता राहत नाही, तिथल्या पोलिसांकडून आपण नीट वागलो होतो असे लिहून आणायचे, असा हा प्रकार आहे.

आमच्या ओळखीतील बहुतेकांनी या कामाबद्दल दोनच प्रकारचे सल्ले दिले. एक म्हणजे ‘काही नाही हो, ऑनलाइन होतं सगळं’, आणि दुसरा म्हणजे ‘एजंट गाठा’. माझे आणि नवऱ्याचे दोन्ही दाखले हातात आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, भारतीय पोलीस दाखल्याचे यश ना संगणकावर अवलंबून असते ना एजंटवर. ते पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर छापलेल्या पत्त्यावर अवलंबून असते. तो पत्ता जिवंत असेल, म्हणजे तिथे आपल्याला ओळखणारी माणसे आजही राहत असतील, तर काम सरळ होते. तसे नसेल तर चारित्र्य कितीही धुतल्या तांदळासारखे असले तरी फाइल अडते.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यात घरच्या माणसांची विनाकारण पायपीट होते. महाराष्ट्रात पोलिसांकडून मिळणारे दाखले दोन प्रकारचे आहेत. एक चारित्र्य पडताळणीचा, जो राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून पोलीस आयुक्तालयाकडून किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळतो आणि जो खाजगी नोकरी, सुरक्षारक्षकाचे काम, कंत्राटी भरती अशा गोष्टींसाठी लागतो. दुसरा म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, अर्थात पीसीसी, जो परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील पासपोर्ट कार्यालय देते आणि परदेशात राहणाऱ्या नागरिकाला तिथली भारतीय वकिलात किंवा वाणिज्य दूतावास देतो. परदेशी वास्तव्यासाठी मागितला जातो तो हा दुसरा. माझ्या दिरांनी अत्यंत आपुलकीने ‘वहिनी, मी इथूनच काढून पाठवतो, पोलीस ठाण्यात ओळख आहे’ असे सांगितले होते, परंतु ती ओळख पहिल्या प्रकारच्या दाखल्यापुरतीच उपयोगी पडणारी होती.

पीसीसीचा मजकूर वाचण्यासारखा असतो. ‘या व्यक्तीने कधीही गुन्हा केलेला नाही’ असे त्यात कुठेच म्हटलेले नसते. अमुक क्रमांकाचा भारतीय पासपोर्ट धारण करणाऱ्या अमुक व्यक्तीविरुद्ध अशी कोणतीही प्रतिकूल माहिती नाही की जिच्यामुळे ती अमुक देशाच्या व्हिसासह प्रवासाच्या सवलतींस अपात्र ठरेल, अशा अर्थाचे ते एक सावध वाक्य असते. त्यात देशाचे नाव घातलेले असते, ही बाब महत्त्वाची. कॅनडासाठी काढलेला दाखला उद्या ऑस्ट्रेलियाच्या अर्जाला जोडता येत नाही; त्यासाठी पुन्हा नवा अर्ज, नवे शुल्क आणि कदाचित नवी पडताळणी. अर्ज भरताना देशाच्या रकान्यात काय निवडले आहे, हे म्हणूनच दोनदा वाचावे.

आता फाइलच्या प्रवासाविषयी. आम्ही टोरांटो येथील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. अर्ज पासपोर्ट सेवेच्या वकिलातींसाठी असलेल्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत काढायची, पासपोर्टाच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या स्वसाक्षांकित प्रती, इथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत, इथल्या पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे जोडायची आणि हे सर्व दूतावासाने नेमलेल्या सेवा केंद्रात द्यायचे. सेवा केंद्र म्हणजे केवळ टपालपेटी; तिथल्या खिडकीमागील व्यक्तीला निर्णयाचा कोणताही अधिकार नसतो, हे लक्षात ठेवले तर बरीचशी चिडचिड वाचते. 2018 पासून परदेशातील वकिलाती पासपोर्ट सेवेच्या मध्यवर्ती प्रणालीला जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यामुळे पूर्वी राजनैतिक टपालाच्या थैलीतून फिरणारे कागद आता पडद्यावरून फिरतात. परंतु हा वेग पासपोर्ट कार्यालयापर्यंतच टिकतो. तिथून चौकशी संबंधित पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या विशेष शाखेकडे जाते, शाखेकडून पोलीस ठाण्याकडे आणि ठाण्यातून त्या भागाच्या बीट अंमलदाराकडे, म्हणजे तो भाग ज्याच्याकडे सोपवलेला असतो त्या पोलिसाकडे. शेवटी हातात कागद घेतलेला एक हवालदार आणि आपल्या घराचे दार, एवढेच उरते.

माझ्या पासपोर्टावर माहेरचा पत्ता आहे. वाई तालुक्यातील आमचे गाव लहान आहे आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, अजून तिथेच राहतात. ठाण्यातून त्यांना फोन आला की पोरीच्या पासपोर्टाचे काम आले आहे, कागद घेऊन या. अप्पांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाची प्रत, वीजबिल आणि मी पाठवलेली पासपोर्टाची प्रत एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि आधी गाठले ते पोलीस पाटलांचे घर. शहरात वाढलेल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार नेमलेला पोलीस पाटील हा आजही गावातील कायदा व सुव्यवस्थेबाबतचा पहिला दुवा आहे, आणि अशा चौकशीत त्याच्या शब्दाला वजन असते. आमच्या पोलीस पाटलांनी मी गावाची रहिवासी असल्याचे व माझी वर्तणूक चांगली असल्याचे लिहून दिले. हे लिहिताना त्यांनी अप्पांना, ‘तुमची पोरगी शाळेत माझ्या पुतणीच्या बाकावर बसायची’, असेही ऐकवले. अशी नोंद कोणत्याही संगणकात सापडणार नाही, पण माझ्या दाखल्यामागे खरे बळ तिचेच होते.

ठाण्यात मात्र एक प्रश्न निघाला. हवालदारांनी विचारले, ‘ताईंचं लग्न झालंय, मग चौकशी हितं कशी? सासरच्या गावाला जायला पायजे.’ रेशनकार्डावरून माझे नाव लग्नानंतर कमी केलेले होते, त्यामुळे त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. अप्पांनी शांतपणे सांगितले की पासपोर्ट लग्नापूर्वीचा आहे, लग्नानंतर मुलगी थेट परदेशी गेली, सासरी ती सणापुरतीच राहिली, तेव्हा तिने आयुष्य जिथे काढले तिथलीच नोंद पाहावी लागेल. हा युक्तिवाद त्यांना पटला. जबाब लिहून घेतला गेला, शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या आणि पोलिसांच्या त्या ठरावीक भाषेत ‘सदर अर्जदार महिलेविरुद्ध या पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर कोणताही गुन्हा दाखल नाही’ असा अहवाल वर गेला. विवाहित स्त्रियांनी माहेरच्या पत्त्याचा पासपोर्ट असताना अर्ज केला, तर हा प्रश्न येणार असे गृहीत धरून घरच्यांना आधीच उत्तर सांगून ठेवावे, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत त्यांच्याकडे पाठवून ठेवावी.

नवऱ्याचे प्रकरण याच्या उलट झाले. तो मूळचा बार्शीचा. परंतु पासपोर्ट काढला तेव्हा तो नोकरीनिमित्त पुण्यात भाड्याच्या सदनिकेत राहत होता आणि नोंदणीकृत भाडेकराराच्या आधारे त्याने तोच पत्ता दिला होता. त्या वेळी ते पूर्णपणे नियमानुसार होते. दरम्यान आम्ही देश सोडला, घरमालकांनी सदनिका विकली आणि नव्या रहिवाशांना आधीच्या भाडेकरूचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे पोलीस तिथे गेले तेव्हा जे व्हायचे तेच झाले. अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही, असा अहवाल गेला. यात पोलिसांचा काहीही दोष नाही. तो खरोखरच तिथे राहत नव्हता. परंतु परदेशात बसलेल्या माणसाला संकेतस्थळावर दिसते ते एवढेच की पडताळणी अहवाल स्पष्ट नाही. गुन्हा सापडला म्हणून तो स्पष्ट नाही की दाराला दुसऱ्याचे कुलूप होते म्हणून, हे त्या ओळीवरून समजत नाही. आमच्या घरात त्या आठवड्यात जे वातावरण होते त्याचे वर्णन मी करणार नाही. सासूबाईंनी फोनवर विचारलेला प्रश्न मात्र सांगते: ‘अरे, कॉलेजात असताना तू काही केलं होतंस का, मला न सांगता?’

यातून मार्ग काढण्यासाठी पुढील गोष्टी केल्या. नवऱ्याने दूतावासाला आणि पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाला एकच मजकूर असलेले स्पष्टीकरणाचे पत्र पाठवले. त्या काळातील भाडेकराराची प्रत, गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी दिलेले ‘हे अमुक काळात आमच्या इमारतीत भाड्याने राहत होते’ असे पत्र आणि बार्शीच्या घरचे वीजबिल व स्वतःचे तिथल्या पत्त्याचे आधार कार्ड अशी कागदपत्रे जोडली आणि कायमच्या पत्त्यावर, म्हणजे बार्शीला, नव्याने पडताळणी करण्याची विनंती केली. सचिवांचे पत्र मिळवणे हेच यातील सर्वांत अवघड काम ठरले, कारण त्यांना नवरा आठवत होता, पण संस्थेच्या लेटरहेडवर काही लिहून देण्याची त्यांना धास्ती वाटत होती. शेवटी संस्थेच्या जुन्या वाहनतळ नोंदवहीत त्याच्या दुचाकीचा क्रमांक सापडला आणि त्यांची भीड चेपली. बार्शीला चौकशी झाली तेव्हा सासरे घरी होते, गल्लीतील माणसे ओळखीची होती, आणि ज्या कामाने आम्हाला रडवले ते तिथे दुपारच्या चहाच्या आत आटोपले.

पत्त्याचे हे महत्त्व कशामुळे आहे, हे समजण्यासाठी त्याच काळात आम्हाला मिळालेला दुसरा अनुभव उपयोगी पडतो. नवऱ्याने कॅनडापूर्वी सिंगापूरमध्ये नोकरी केली होती, त्यामुळे तिथल्या पोलिसांचाही दाखला हवा होता. त्यासाठी मागणी करणाऱ्या सरकारचे पत्र जोडावे लागले आणि दहाही बोटांचे ठसे द्यावे लागले. सिंगापूरमध्ये तो कोणत्या इमारतीत राहत होता, शेजारी कोण होते, याच्याशी तिथल्या पोलिसांना कर्तव्य नव्हते. अमेरिकेच्या एफबीआयचा अहवालही ठशांवरच निघतो आणि कॅनडाच्या आरसीएमपी या राष्ट्रीय पोलीस दलाचा प्रमाणित अहवालही. आपल्याकडे मात्र पोलीस पडताळणीत अर्जदाराचे बोट कोणी मागत नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यांचा विषय आहे, गुन्ह्याची नोंद ठाण्यात होते, आणि सीसीटीएनएस या प्रणालीने देशभरातील ठाणी संगणकाने जोडली गेली असली तरी ‘हा माणूस कोण’ या प्रश्नाचे उत्तर अजूनही नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याचे ठिकाण यांवरूनच शोधले जाते. गंमत अशी की, ठशांवरून माणूस ओळखण्याचे जगातील पहिले कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्यातच सुरू झाले, आणि तिथे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत बसवली तिच्या जोरावर पुढे इंग्लंडच्या पोलिसांचे कामकाज चालले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नाफिस ही ठशांची देशव्यापी प्रणाली 2022 मध्ये सुरू झाली आहे, परंतु ती गुन्हेगारांच्या ठशांसाठी आहे. आपल्यासारख्या अर्जदाराच्या निरपराधित्वाची साक्ष अजून शेजारीच देतात. मला व्यक्तिशः ही पद्धत सर्वस्वी वाईट वाटत नाही. माझ्याबाबतीत गावाने दिलेली साक्ष ठशांपेक्षा जास्त माहितीपूर्ण होती. पण दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या शहरी भाडेकरूच्या वाट्याला ती अन्याय आणते, हेही तितकेच खरे.

खरोखरच एखादा गुन्हा नोंदलेला असेल तर काय, हा प्रश्न अनेकांना असतो आणि तो विचारण्यास लोक संकोचतात. पासपोर्ट अधिनियम, 1967 च्या कलम 6 मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणे दिलेली आहेत. त्यांत भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे हे एक कारण आहे, आणि अर्जापूर्वीच्या 5 वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान 2 वर्षांची शिक्षा झालेली असणे हे दुसरे. पीसीसीसाठी पोलीस पाठवतात तो अहवाल हीच पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवून वाचला जातो. आपल्याकडील तरुणांची नावे ज्या गुन्ह्यांत येतात ते बहुधा आंदोलनाचे, मिरवणुकीतील वादाचे किंवा अपघाताचे असतात. 2020 च्या टाळेबंदीत घराबाहेर पडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली असंख्य लोकांवर गुन्हे नोंदले गेले आणि त्यांत विद्यार्थीही होते. पासपोर्टाच्या व नोकरीच्या पडताळणीत त्यांना अडचण येऊ लागली, तेव्हा 2022 मध्ये राज्य सरकारने असे गुन्हे मागे घेण्याची भूमिका घेतली. परंतु सरकारने जाहीर करणे आणि ठाण्याच्या नोंदीत प्रकरण निकाली निघणे यांत अंतर असते, कारण खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते. ज्यांच्या बाबतीत असे काही घडले असेल त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच न्यायालयातून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून घरी ठेवावी. हवालदाराने विचारल्यावर ती पुढे करता आली, तर अहवालात ‘गुन्हा दाखल’ एवढेच न लिहिता ‘निकाली’ असेही लिहिले जाते. आणि अर्जात विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये. मूळ गुन्हा किरकोळ असला तरी माहिती लपवणे हे कॅनडाच्या दृष्टीने स्वतंत्र आणि अधिक गंभीर कारण ठरते.

पाठपुराव्याबद्दल माझा अनुभव असा की फोनपेक्षा लेखी पत्रव्यवहार उपयोगी पडतो. फाइल क्रमांक आणि जन्मतारीख घालून स्थिती पाहता येते, पण ती पाहून समाधान होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे पोर्टल 2015 पासून परदेशस्थ भारतीयांच्या तक्रारींसाठी चालू आहे. तिथे नोंदवलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती संबंधित वकिलातीकडे जाते. त्यानेही भागले नाही तर माहितीचा अधिकार आहे, जो परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहे. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर 10 रुपये भरून परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. अर्जात ‘माझे काम का होत नाही’ असा प्रश्न विचारू नये. पोलीस अहवाल कोणत्या तारखेला मागवला, कोणत्या तारखेला मिळाला आणि त्यात काय नमूद आहे, अशी नेमकी माहिती मागावी. एजंट लोक ज्याला ‘आतून हलवणे’ म्हणतात, ते यापेक्षा फारसे वेगळे नसते, फक्त त्याची किंमत वेगळी असते. राहिला प्रश्न घरी येणाऱ्या पोलिसांच्या चहापाण्याचा. या पडताळणीसाठी अर्जदाराच्या घरच्यांनी कोणतेही शुल्क द्यायचे नसते आणि केंद्र सरकार राज्यांच्या पोलिसांना या कामाचा मोबदला देते, एवढे आई-वडिलांना स्पष्ट सांगून ठेवावे. आमच्याकडे चहा झाला, आणि तो चहाच होता.

वेळेच्या हिशेबाबद्दल एवढेच की, एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुणांवर आधारलेल्या कॅनडाच्या पीआर-निवड पद्धतीत, निमंत्रण आल्यानंतर पूर्ण अर्ज भरण्यासाठी 60 दिवस मिळतात आणि भारतातील पडताळणी त्या दिवसांच्या हिशेबाने चालत नाही. म्हणून गुणांवरून निमंत्रणाची आशा वाटू लागताच अर्ज टाकावा. तरीही दाखला वेळेत आला नाही, तर अर्ज केल्याची पावती, शुल्क भरल्याचा पुरावा, पाठपुराव्याचे ईमेल आणि स्पष्टीकरणाचे पत्र जोडून अर्ज दाखल करता येतो. ते मान्य करणे अधिकाऱ्याच्या हातात असते, त्यामुळे पावतीचा प्रत्येक चिटोरा जपून ठेवावा. सुट्टीत भारतात जाणे शक्य असेल तर तिथेच पासपोर्ट सेवा केंद्रात 500 रुपये भरून अर्ज करणे हा बहुतेक वेळा अधिक सोपा मार्ग आहे, आणि 28 सप्टेंबर 2022 पासून पोस्ट ऑफिसमधील पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीची सोय झालेली आहे. ही सोय झाली ती मुख्यत्वे आखातात जाणाऱ्यांच्या वाढत्या मागणीमुळे. सौदी अरेबियाने त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीयांसाठी व्हिसाला पीसीसी जोडण्याची अट काढून टाकली, परंतु सोय राहिली आणि कोकणातील माणसाची मुंबईची एक फेरी तरी वाचली.

इतर देशांचे नियम थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाला वयाच्या 16 वर्षांनंतर, गेल्या 10 वर्षांत एकूण 12 महिने जिथे काढले त्या देशांचे दाखले लागतात. तिथे सलग वास्तव्याची अट नाही, बेरीज केली जाते, हे वारंवार ये-जा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसावर शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत जाणाऱ्यांनाच तो मागितला जातो. ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडले आहे, मग ते ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक असोत किंवा पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडात स्थायिक झालेले गोव्याचे लोक असोत, त्यांनाही भारतातील जुन्या वास्तव्याचा दाखला वकिलातीकडे मागता येतो. त्यासाठी रद्द झालेल्या भारतीय पासपोर्टाची प्रत लागते, आणि ती अनेकांनी भारतीय पासपोर्ट परत करण्याच्या वेळी काढून ठेवलेली नसते.

स्पेन, इटली, पोर्तुगाल अशा देशांत जाणाऱ्यांसाठी एक खाचखळगा आहे, जो मला एका मैत्रिणीच्या प्रकरणातून समजला. या देशांना दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण, हवे असते. भारत 2005 पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे भारतातील पासपोर्ट कार्यालयाने दिलेल्या पीसीसीवर परराष्ट्र मंत्रालयाकडून ते मिळते. परंतु राजनैतिक वा वाणिज्य प्रतिनिधींनी दिलेले दस्तऐवज त्या कराराच्या पहिल्याच कलमाने वगळलेले आहेत. म्हणजे टोरांटोच्या किंवा न्यूयॉर्कच्या भारतीय दूतावासाने दिलेल्या पीसीसीवर अपोस्टिल होऊच शकत नाही. त्याचे वेगळ्या मार्गाने प्रमाणीकरण करावे लागते, किंवा भारतात जाऊन नवा दाखला काढावा लागतो. ज्यांचा बेत युरोपचा आहे त्यांनी म्हणूनच अर्ज कुठून करायचा हे आधी ठरवावे, आणि दाखला मागणाऱ्या कार्यालयाला तसे लेखी विचारून घ्यावे. कॅनडाला अपोस्टिल लागत नाही. आम्ही दोन्ही दाखल्यांवरील नाव, पासपोर्ट क्रमांक आणि देशाचे नाव तपासले, दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती स्कॅन केल्या आणि अर्जाला जोडल्या. नवऱ्याच्या दाखल्यासोबत पुण्याच्या पत्त्याबाबतचे स्पष्टीकरणही जोडले, कारण अर्जातील पत्त्यांच्या यादीत ती सदनिका होतीच.